देवधरांच्या महाराष्ट्र संघाचे बलाबल

विजयी संघाचे गुणवर्णन करणे आणि पराभूत संघाचे दोषदिग्दर्शन करणे ही दोन्ही कामे सोपी आहेत, आणि म्हणूनच क्रीडाविषयक लेखनात त्यांचीच रेलचेल आढळते. परंतु एखादा संघ आपल्या विभागात अग्रस्थानी असताना, त्याच्या फलंदाजांनी रचलेल्या धावसंख्यांनी प्रतिपक्षाची छाती दडपून जात असताना, त्याचे सामर्थ्य नेमके कशात आहे आणि त्या सामर्थ्याच्या पोटात कोणते वैगुण्य वाढत आहे याचा शांतपणे तपास करणे हे काम अवघड असले तरी अधिक उपकारक होय. अशा तपासाला प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर यांच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्राच्या क्रिकेट संघाइतके योग्य उदाहरण आपल्या मुलखाच्या इतिहासात दुसरे सापडणे कठीण. १९३९-४० आणि १९४०-४१ या लागोपाठच्या दोन मोसमांत या संघाने पश्चिम विभाग जिंकला, पाठोपाठ रणजी करंडकही मिळवला, आणि त्यानंतर आजतागायत तो करंडक महाराष्ट्राकडे परत आलेला नाही. या दीर्घ अवर्षणाचे कारण पुढील पराभवांच्या वर्षांत शोधण्याचा प्रघात आहे. ते त्या दोन वैभवशाली वर्षांतच शोधले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि प्रस्तुत लेखाचा उद्देश ते मत पुराव्यानिशी मांडणे हाच आहे.

१९३३ मध्ये निवर्तलेल्या नवानगरच्या जामसाहेब रणजितसिंहजींच्या स्मरणार्थ, पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी दिलेल्या करंडकासाठी ही स्पर्धा १९३४-३५ च्या मोसमात सुरू झाली. प्रवासाची साधने बेताची आणि देशाचा विस्तार अफाट, म्हणून संघांची विभागवार वाटणी करण्यात आली. प्रत्येक विभागाने आपला विजेता ठरवावा आणि त्या विजेत्यांनी परस्परांशी झुंजावे, अशी ती योजना होती. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, सिंध, बडोदे, नवानगर आणि काठेवाडातील इतर संस्थानांचा संघ असे बलाढ्य प्रतिस्पर्धी एकत्र आले. पहिली दोन वर्षे मुंबईने करंडक नेला, तिसऱ्या वर्षी अमरसिंग आणि विनू मंकड यांच्या नवानगरने तो मिळवला, आणि मध्ये हैदराबाद व बंगाल यांना एकेकदा मान मिळाल्यावर पुढील दोन वर्षे तो पुण्यास आला. म्हणजे पहिल्या सात मोसमांपैकी पाच मोसमांचे विजेते एकट्या पश्चिम विभागाने दिले होते. हा विभाग जिंकणे म्हणजे बहुतांशी करंडकच जिंकणे होते, हे ध्यानात घेतल्यावाचून देवधरांच्या पराक्रमाची योग्य किंमत कळणार नाही.

येथे रत्नागिरीकर वाचकाला एका गोष्टीची आठवण करून देणे अगत्याचे आहे. क्रिकेटच्या व्यवस्थेत मुंबई आणि महाराष्ट्र हे दोन स्वतंत्र अंमल आहेत, आणि आपला रत्नागिरी जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या, म्हणजे पुण्याच्या, अधिकारक्षेत्रात मोडतो. नकाशावर ही वाटणी सरळ दिसते. अंतःकरणात ती तशी कधीच नव्हती. त्या काळी कोकणात रेल्वे नव्हती. उघाडीच्या दिवसांत आगबोट मुंबईस नेई आणि आंबा घाट चढून गेले म्हणजे कोल्हापूर लागे. परंतु पोटापाण्याचा ओघ घाटाकडे क्वचित, मुंबईकडेच अखंड वाहत असे. जवळजवळ प्रत्येक घरातला एखादा चाकरमानी मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत असावयाचा, आणि म्हणून पुणे विरुद्ध मुंबई असा सामना लागला की जिल्ह्याचा कायदेशीर संघ एक आणि जिल्ह्यातील माणसांच्या भाकरीचे शहर दुसरे, अशी स्थिती होत असे. ही गोष्ट केवळ भावनेची नाही. महाराष्ट्र संघाच्या एका मूलभूत दौर्बल्याशी तिचा निकटचा संबंध आहे, आणि त्याचा विचार पुढे यथास्थळी करावयाचा आहे.

आता सामर्थ्याकडे वळू. त्या सामर्थ्याचा आरंभ एका व्यक्तीपासून होतो. १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात जन्मलेले देवधर हे सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. १९२६ साली आर्थर गिलिगनच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी.चा संघ हिंदुस्थानात आला असताना, मुंबई जिमखान्याच्या मैदानावर अखिल हिंदी संघातर्फे त्यांनी १४८ धावा काढल्या, आणि इंग्लिश गोलंदाजीसमोर हिंदी फलंदाज ठामपणे उभा राहू शकतो हे ज्या थोड्या खेळींनी सिद्ध केले त्यांत त्या खेळीची गणना झाली. हिंदुस्थानला कसोटी सामन्यांचा दर्जा मिळाला तो १९३२ मध्ये; तेव्हा देवधरांचे वय चाळीस होते आणि इंग्लंडला जाणाऱ्या संघात त्यांची निवड झाली नाही. दुसऱ्या एखाद्या खेळाडूने या अन्यायावर आयुष्य कुढत घालवले असते. देवधरांनी मात्र आपली उरलेली सर्व शक्ती महाराष्ट्राचा संघ घडविण्यास वाहिली. जी निष्ठा त्यांनी पाणिनी आणि कालिदास शिकविण्यात दाखविली तीच मैदानावरही दाखविली, आणि पुण्याच्या शाळा-महाविद्यालयांतून, १९०० साली स्थापन झालेल्या पी. वाय. सी. हिंदू जिमखान्यासारख्या संस्थांतून, घाटावरच्या सांगली-कोल्हापूरकडून जे तरुण मिळाले त्यांच्यातून त्यांनी संघ उभा केला. या संघाच्या पाठीशी कोणत्याही दरबाराचा खजिना नव्हता. तो मध्यमवर्गीय महाराष्ट्राच्या शिस्तीचा आणि चिकाटीचा संघ होता, आणि हा त्याचा पहिला व सर्वांत मोठा गुण होय.

दुसरा गुण फलंदाजीचा. १९३९-४० च्या मोसमात बडोद्याविरुद्ध पुण्यास झालेल्या सामन्यात, सांगलीस जन्मलेल्या विजय हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. कोणाही भारतीयाने प्रथम श्रेणीच्या सामन्यात त्रिशतक काढण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. त्या खेळीचा गौरव सर्वत्र झाला आहे. परंतु संघाच्या सामर्थ्याचा विचार करताना तिच्यातला दुसरा तपशील अधिक बोलका आहे. त्याच डावात हजारे आणि नगरवाला यांनी नवव्या गड्यासाठी २४५ धावांची भागीदारी केली. आठ गडी बाद झाले म्हणजे डाव संपत आला असे समजून प्रतिपक्ष निःश्वास टाकतो, त्या ठिकाणी महाराष्ट्राच्या डावाला नवा बहर येई. पहिल्या फलंदाजापासून जवळजवळ अखेरच्यापर्यंत धावा करणारी माणसे असणे, आणि त्यांपैकी प्रत्येकाने आपली बळी जाण्याची किंमत वाढवून ठेवणे, ही या संघाची खरी भिंत होती. त्या मोसमाच्या अंतिम सामन्यात पुण्यास संयुक्त प्रांताचा संघ आला. त्याने २३७ आणि ३५५ धावा केल्या. महाराष्ट्राने एकाच डावात ५८१ धावा उभारल्या, उरलेल्या १२ धावा एकही गडी न गमावता काढल्या, आणि दहा गड्यांनी विजय मिळवून करंडक प्रथमच पुण्यास आणला.

दुसऱ्या वर्षी या सामर्थ्याने आपला कळस गाठला. पश्चिम विभागात मुंबईशी पुण्यास गाठ पडली. विजय मर्चंट यांच्यासारख्या फलंदाजांची परंपरा असलेला मुंबईचा संघ हा सर्वांत अवघड अडसर होता, आणि तो ओलांडण्याचे काम खुद्द कर्णधाराने अंगावर घेतले. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ज्या वयात इतर खेळाडू प्रेक्षकांत बसून आपल्या तारुण्याच्या कथा सांगत असतात, त्या वयात देवधर २४६ धावा करून गेले. महाराष्ट्राचा डाव ६७५ धावांवर संपला. मुंबईने उत्तरादाखल ६५० धावा केल्या, त्यात खंडू रांगणेकर यांच्या २०२ धावा होत्या. दोन डावांत मिळून तेराशे पंचवीस धावा झाल्या, आणि स्पर्धेच्या नियमाप्रमाणे पहिल्या डावातील आघाडीवर, म्हणजे अवघ्या पंचवीस धावांच्या अंतरावर, विभागातील एवढ्या मोठ्या झुंजीचा निकाल महाराष्ट्राच्या बाजूने लागला.

या सामन्याचे स्मरण महाराष्ट्रात अभिमानाने केले जाते आणि ते सर्वथा उचित आहे. तथापि पंचवीस धावांच्या त्या आघाडीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ६७५ धावा पाठीशी असताना, सामना आपल्या मैदानावर, आपल्या हवेत चाललेला असताना, प्रतिपक्षाला ६५० धावा करू देणाऱ्या गोलंदाजीला प्रबळ म्हणता येईल काय? त्या दिवशी मुंबईच्या एखाद्या फलंदाजाने आणखी अर्धा तास तग धरला असता तर करंडकाचा मार्ग पुण्याऐवजी मुंबईतून गेला असता. विजयाच्या त्या क्षणी संघाचे बळ आणि त्याचे वैगुण्य ही दोन्ही एकाच धावफलकावर शेजारी शेजारी लिहिलेली होती. जयघोषात लोकांनी फक्त पहिलीच ओळ वाचली.

पुढील सामन्यांनी तर ती ओळ अधिकच ठळक केली. पश्चिम हिंदुस्थानी संस्थानांच्या संघाविरुद्ध रंगा सोहोनी यांनी पुण्यास नाबाद २१८ धावा केल्या. त्या एका मोसमात रणजी स्पर्धेत त्यांच्या ६५५ धावा झाल्या आणि त्यांची सरासरी १३१ भरली. उत्तर हिंदुस्थानच्या संघाने ४४२ धावा करून आव्हान दिले, त्यास महाराष्ट्राने ७९८ धावांचे उत्तर दिले. अंतिम सामन्यासाठी संघ मद्रासला गेला, आणि येथे मात्र चित्र निराळे झाले. मद्रासचा पहिला डाव १४५ धावांत गुंडाळला गेला, महाराष्ट्राने २८४ केल्या, मद्रासने दुसऱ्या डावात ३४७ करून सामन्यात पुन्हा प्राण आणला, आणि अखेर चार गड्यांच्या मोबदल्यात २१० धावा काढून महाराष्ट्राने सहा गड्यांनी करंडक राखला. घराबाहेरच्या मैदानावर सहाशे-सातशे धावांचे डोंगर उभे राहिले नाहीत; तेथे सामना जिंकला तो पहिल्या डावात प्रतिपक्षास १४५ धावांत बाद करणाऱ्या गोलंदाजांनी. दोन्ही वर्षांच्या विजयांतला सर्वांत शिकण्यासारखा धडा हाच होता, आणि तोच सर्वांत लवकर विसरला गेला.

आता वैगुण्यांची नीट नोंद करू. पहिले वैगुण्य गोलंदाजीचे. सोहोनी मध्यमगती चेंडू टाकीत, हजारे टाकीत, काही काळ महाराष्ट्राकडून खेळलेले चंदू सरवटे फिरकी टाकीत. परंतु हे तिघेही एकाच वेळी संघाचे प्रमुख फलंदाजही होते. ज्याने काल दिवसभर उन्हात उभे राहून शतक काढले त्यानेच आज दिवसभर चेंडू टाकावे, ही दुहेरी वेठ कोणत्याही संघाला फार काळ सोसवत नाही. केवळ गोलंदाजीवर ज्याची निवड व्हावी आणि ज्याच्या नावाने प्रतिपक्षाची झोप उडावी असा पुरुष, नवानगरला अमरसिंगच्या रूपाने लाभला तसा, महाराष्ट्राला त्या काळात लाभला नाही.

दुसरे वैगुण्य या पहिल्याचे कारणही आहे आणि परिणामही. पुण्याच्या खेळपट्ट्या फलंदाजांना अत्यंत अनुकूल होत्या. अशा खेळपट्टीवर वाढलेला तरुण संयम शिकतो, पदलालित्य शिकतो, लांब डाव बांधण्याची कला शिकतो. पण त्याच खेळपट्टीवर चेंडू टाकणारा तरुण लवकरच निराश होतो, आणि हाती गुण असूनही फलंदाजीकडे वळतो. पिढ्यान्‌पिढ्या असे घडत गेले म्हणजे संघात फलंदाजांचे पीक भरघोस येते आणि गोलंदाजांचे शेत ओसाड राहते. हा दोष कोणा एका व्यक्तीचा नव्हता. तो भूमीचा आणि ती भूमी तयार करणाऱ्या प्रवृत्तीचा होता.

तिसरे वैगुण्य नियमाने झाकलेले होते. अनिर्णित सामन्याचा निकाल पहिल्या डावाच्या आघाडीवर ठरत असल्यामुळे, प्रतिपक्षाचे वीस गडी बाद करण्याची सक्ती प्रत्येक वेळी होत नसे. प्रचंड धावसंख्या उभारावी आणि प्रतिपक्षाला तिच्या अलीकडे कोठेतरी अडवावे, एवढ्याने काम भागे. नियम सर्वांना सारखाच होता, त्यामुळे महाराष्ट्राच्या विजयाला त्याने कोणताही कमीपणा येत नाही. परंतु नियमाच्या आश्रयाने टिकणारे सामर्थ्य नियम बदलताच किंवा सामना अखेरपर्यंत खेळावा लागताच उघडे पडते, हेही तितकेच खरे.

चौथे वैगुण्य मात्र मैदानाच्या बाहेरचे होते आणि माझ्या मते तेच सर्वांत गंभीर होते. या संघाला आपली माणसे राखून ठेवता येत नव्हती. महाराष्ट्र संघाजवळ प्रांत होता, पण त्या प्रांतात खेळाडूला पोटाची शाश्वती देणारी नोकरी नव्हती. एका बाजूस मुंबईच्या बँका, रेल्वे, गोदी आणि व्यापारी पेढ्या. दुसऱ्या बाजूस बडोदे, होळकर यांच्यासारखे दरबार, जे उत्तम खेळाडूस आपल्या लष्करात हुद्दा आणि तनखा देऊ शकत. या दोन चुंबकांच्या मध्ये पुण्याच्या प्राध्यापकाने केवळ प्रेमाच्या आणि शिस्तीच्या बळावर संघ किती दिवस एकत्र धरावा? हजारे लवकरच बडोद्यास गेले, आणि १९४२-४३ मध्ये करंडकही बडोद्यास गेला. पुढे १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्यातर्फे हजारे यांनी २८८ आणि गुल महंमद यांनी ३१९ धावा करून चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी रचली, ती होळकर संघाविरुद्ध. त्या होळकर संघाने १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध आठ गडी बाद ९१२ धावा केल्या, त्या डावात सहा शतके झाली, आणि त्या सहा शतकवीरांत सरवटे, कमल भांडारकर आणि भाऊसाहेब निंबाळकर ही तीन नावे होती, जी महाराष्ट्राच्या धावफलकावरही शोभली आहेत. महाराष्ट्राच्या अंगणात वाढलेली वा वावरलेली गुणवत्ता इंदूर आणि बडोदे यांच्या वैभवात भर घालीत होती. या खेळाडूंना दोष देणे अन्यायाचे ठरेल. ज्याला घर चालवावयाचे आहे त्याने आश्रय देणाऱ्याकडे जावे यात गैर काही नाही.

या बाबतीत आपल्या जिल्ह्याचे उदाहरण तर अधिकच हृदयद्रावक आहे. दत्ताराम धर्माजी हिंदळेकर यांचा जन्म १ जानेवारी १९०९ रोजी रत्नागिरीचा. जिल्ह्याच्या हद्दी पाहून त्यांनी महाराष्ट्रासाठी खेळावे हे उचित ठरले असते. परंतु जन्म रत्नागिरीत आणि उपजीविका मुंबईत, या कोकणच्या सर्वसाधारण नियमाला तेही अपवाद नव्हते. मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ऐंशी रुपयांची नोकरी करीत हिंदळेकर मुंबईचे यष्टिरक्षक झाले, १९३६ आणि १९४६ अशा दोन दौऱ्यांत इंग्लंडला गेले आणि हिंदुस्थानतर्फे चार कसोटी सामने खेळले. १९४६ च्या मँचेस्टर कसोटीत हिंदुस्थानला विजयासाठी २७८ धावा हव्या होत्या आणि नऊ गडी बाद झाले होते. त्या वेळी अखेरची तेरा मिनिटे ज्या दोघांनी खेळून काढली आणि १५२ धावांवर सामना अनिर्णित राखला, ते दोघे होते महाराष्ट्राचे सोहोनी आणि रत्नागिरीचे हिंदळेकर. देशाच्या अब्रूसाठी जे दोन हात एकत्र लढले ते प्रांताच्या संघात एकत्र येऊ शकले नाहीत, कारण एकाला आपल्या प्रांतात राहता आले आणि दुसऱ्याला पोटासाठी समुद्रमार्गे जावे लागले. योग्य उपचारांच्या अभावी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, ३० मार्च १९४९ रोजी हिंदळेकर निवर्तले. ज्या व्यवस्थेने खेळाडूच्या श्रमांवर टाळ्या वाजविल्या पण त्याच्या आजारपणाची काळजी वाहिली नाही, त्या व्यवस्थेच्या दोषांची ही सर्वांत दुःखद साक्ष होय.

संघाच्या वैगुण्यांचा हिशेब कालाने लवकरच मागितला. १९४३ च्या अखेरीस मुंबईने महाराष्ट्राविरुद्ध ७३५ धावा केल्या. विजय मर्चंट ३५९ धावांवर नाबाद राहिले, आणि रूसी मोदी यांच्यासह त्यांनी सहाव्या गड्यासाठी ३७१ धावा जोडल्या. दोनच वर्षांपूर्वीपर्यंत धावांचे डोंगर रचणारा संघ आता दुसऱ्याने रचलेल्या डोंगराखाली उभा होता. देवधर तरीही थकले नव्हते. १९४४-४५ मध्ये, बावन्न वर्षांचे असताना, नवानगरविरुद्ध त्यांनी १०५ आणि १४१ अशी दोन्ही डावांत शतके काढली. वृद्ध कर्णधाराचा हा पराक्रम थक्क करणारा आहे. पण संघाची सर्वांत विश्वासार्ह बॅट अजून बावन्न वर्षांच्या माणसाच्या हाती असावी, या गोष्टीचा अर्थही त्याच वेळी समजून घ्यावयास हवा होता.

या इतिहासाचा उत्तरार्ध १९४८-४९ च्या मोसमात घडला, आणि त्यात बळ व वैगुण्य दोन्ही आपापल्या पराकोटीस पोहोचलेली दिसतात. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास काठेवाडविरुद्ध सामना झाला. काठेवाडने २३८ धावा केल्या. उत्तरादाखल, कोल्हापूरला जन्मलेले भाऊसाहेब निंबाळकर तिसऱ्या दिवसापर्यंत खेळत राहिले. भांडारकर यांनी २०५ धावा करून त्यांच्याबरोबर दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली, आणि चार गडी बाद ८२६ अशी धावसंख्या झाली असता निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांनी १९३० साली सिडनी येथे केलेल्या नाबाद ४५२ धावांचा जागतिक उच्चांक केवळ नऊ धावा दूर होता. परंतु काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार दिला, आपला संघ मैदानाबाहेर नेला आणि सामना सोडून दिला. क्रीडाधर्माच्या दृष्टीने ते वर्तन समर्थनीय नव्हते, असे स्वच्छ म्हटले पाहिजे. निंबाळकरांची ती खेळी कोणाही भारतीयाची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च खेळी म्हणून आजही अबाधित आहे, आणि तरीही या थोर फलंदाजाला आयुष्यात एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, मार्च १९४९ मध्ये, त्याच पुण्यात मुंबईविरुद्ध उपांत्य सामना झाला. हा सामना निकालापर्यंत खेळला गेला आणि सात दिवस चालला. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या. माधव मंत्री यांच्या २००, उदय मर्चंट यांच्या १४३ आणि दत्तू फडकर यांच्या १३१. महाराष्ट्राने दातार यांच्या १४३ आणि मधुसूदन रेगे यांच्या १३३ धावांच्या आधारे ४०७ केल्या. मुंबईने दुसऱ्या डावात आठ गडी बाद ७१४ धावांवर डाव सोडला. फडकरांनी १६० आणि मर्चंटांनी १५६ धावा करून दोघांनीही सामन्यात दुसरे शतक पुरे केले. महाराष्ट्रानेही हिंमत सोडली नाही. शरद देवधर यांच्या १४६ आणि रेगे यांच्या १०० धावांसह ६०४ धावा केल्या आणि तरीही संघ ३५४ धावांनी पराभूत झाला. सामन्यात एकंदर २३७६ धावा झाल्या आणि नऊ शतके निघाली. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातील धावांचा तो जागतिक उच्चांक ठरला. ज्या संघाच्या दोन डावांत १०११ धावा होतात त्या संघाची फलंदाजी दुबळी होती असे कोण म्हणेल? परंतु ज्या संघाविरुद्ध दोन डावांत १३६५ धावा होतात त्याची गोलंदाजी समर्थ होती असेही कोणी म्हणू शकणार नाही. १९४०-४१ मध्ये पंचवीस धावांच्या आघाडीने जो प्रश्न पुढे ढकलला होता, त्याचे उत्तर आठ वर्षांनी ३५४ धावांच्या पराभवाने दिले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्र अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि मुंबईकडून हरला. १९९२-९३ मध्ये पंजाबकडून आणि २०१३-१४ मध्ये कर्नाटकाकडून. या सबंध काळात चंदू बोर्डे यांच्यापासून केदार जाधव यांच्यापर्यंत उत्तम फलंदाज देण्यात महाराष्ट्र कधी कमी पडला नाही. देवधरांनी ज्या परंपरेची प्रतिष्ठापना केली ती फलंदाजीची परंपरा अखंड राहिली; तिला जोड देणारी गोलंदाजीची परंपरा आणि खेळाडूला आपल्या मुलखात राखणारी व्यवस्था मात्र तितक्या सातत्याने उभी राहिली नाही.

या विवेचनातून देवधरांचे मोठेपण उणावते असे कोणी समजू नये. उलट, पाठीशी दरबार नसताना, उत्कृष्ट गोलंदाज नसताना, खेळाडू हातचे निसटत असताना, त्यांनी दोन वर्षे देशातील सर्व प्रांतांना आणि संस्थानांना मागे टाकले, हे ज्याला या अडचणी ठाऊक आहेत त्यालाच खऱ्या अर्थाने उमजेल. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, एकशे एकाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला; तत्पूर्वी पद्मभूषणाने त्यांचा गौरव झाला होता आणि १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने राष्ट्रीय पातळीवरील करंडकाची स्पर्धा सुरू झाली होती. नावाचा मान त्यांना मिळाला. कार्याचा वारसा पुढे नेण्याचे ऋण अजून फिटावयाचे आहे.

ते ऋण फेडण्याचा भार एकट्या पुण्यावर टाकून चालणार नाही. महाराष्ट्राच्या क्रिकेटचा मुलूख सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस पसरलेला आहे, आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांनी स्वतःला त्या मुलखाची परसदारे समजण्याचे सोडून दिले पाहिजे. आपल्या तालुक्यांतील मैदानांवर केवळ फलंदाजाला सुखावणाऱ्या खेळपट्ट्या न करता गोलंदाजाच्या श्रमाला फळ देणाऱ्या खेळपट्ट्याही करा. वेगाने चेंडू टाकणाऱ्या मुलाला फलंदाज होण्याचा उपदेश करू नका. आणि ज्याच्यात गुण दिसतो त्याला शिक्षण, नोकरी आणि औषधपाणी आपल्याच मुलखात मिळेल अशी तजवीज करा. हिंदळेकरांच्या जिल्ह्याने एवढे केले तरी देवधरांच्या संघाच्या इतिहासातून आपण काही शिकलो, असे म्हणता येईल.